सोसायटी ग्रुप: रविवारची वाडी-खिद्रापूर सहल, अंकली की अर्जुनवाड?

शुभांगी पाटील (ए-302): रविवारचा मेसेज आत्ता वाचला. सकाळी 7 ला निघून आधी वाडीला (नृसिंहवाडी) दर्शन, मग खिद्रापूरचं कोपेश्वराचं देऊळ, इथपर्यंत ठीक. "संध्याकाळी 6 ला खिद्रापूरहून परत" हे कुणी ठरवलं? साखर कारखान्यांचा सीझन चालू आहे. अंधार पडल्यावर अकिवाट-कुरुंदवाड रस्त्याला उसाच्या डबल ट्रॉल्या असतात, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर वाड्याखाली (उसाच्या हिरव्या शेंड्यांखाली) झाकलेला. लहान मुलं आहेत गाडीत. मागच्या सहलीला काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, मी परत बोलत नाही.

देशपांडे काका (बी-101): बोललातच की वहिनी 😀

कुलकर्णी (बी-204): कृष्णा ओलांडायला अंकलीवरून न जाता अर्जुनवाड पुलावरूनच जावे. मिरज, कृष्णा घाट, अर्जुनवाड, घालवाड, शिरोळ, वाडी.

संदीप माने (सी-103): काका, सकाळी अर्जुनवाडला नदीकाठानं धुकं असतं. सातला पुलावर समोरचं वीस फूट दिसत नाही. अंकली-उदगाववरून मोठा रस्ता आहे, जयसिंगपूर टाळून शिरोळ.

कुलकर्णी (बी-204): त्या मोठ्या रस्त्याला कोल्हापूरची सगळी ट्रॅफिक. शिवाय रस्त्याची मजा काय? अर्जुनवाडच्या बाजूनं दोन्हीकडे ऊस, मधे हळद, हरभरा, नदी उतरली की वांग्याचे मळे. अर्जुनवाड पुलावरूनच जावे.

रोहिणी जोशी (ए-104): 🌸 शुभ सकाळ 🌸

संदीप माने (सी-103): जोशी काकू, दुपारचे पावणेदोन झालेत.

इनामदार (सी-301): सातला निघायचंच कशाला? साडेआठला निघा. धुकं उठलेलं असतं, वाडीला साडेनऊला दर्शन. कुरुंदवाडकडं जाताना पंचगंगेचा पूल. वाडीपासून खिद्रापूर वीसेक किलोमीटर, पण सीझनमध्ये पाऊण तास धरा. खिद्रापूर बघून साडेतीनला गाडी हलली पाहिजे, म्हणजे उजेडात शिरोळ पार. सहाला निघणं चूक आहे, इथं पाटील वहिनींचं बरोबर.

शुभांगी पाटील (ए-302): धन्यवाद. "इथं" बरोबर. समजलं.

निखिल (सी-202): ट्रॉलीला ओव्हरटेक करायचं तर किती अंतर लागतं? पहिल्यांदाच त्या बाजूला गाडी नेतोय.

इनामदार (सी-301): ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या मिळून पन्नासेक फुटांची गाडी होते. मागची ट्रॉली स्पीडब्रेकरवर आणि खड्ड्यात हेलकावे खाते, ऊस दोन्ही बाजूंनी फूट-दीड फूट बाहेर आलेला असतो, आरसा जातो. ड्रायव्हरचा टेप इतका मोठा लावलेला असतो की हॉर्न ऐकू जात नाही, त्यामुळं डिपर द्या, त्यानं आरशात बघून हात दाखवला तरच पुढं व्हा. वळणावर आणि पुलाच्या चढाला अजिबात नाही. चढाला ओझं मागं ओढतं आणि ट्रॅक्टरचं तोंड उचलतं, कधी पिन तुटून ट्रॉली मागं येते. म्हणून चढावर ट्रॉलीच्या पाठीला चिकटून थांबायचं नाही, तीन-चार गाड्यांची जागा सोडा.

निखिल (सी-202): आणि समोरून आली तर साइडपट्टीवर उतरू ना?

इनामदार (सी-301): आधी बघून. काळी माती आहे, पाटाचं पाणी फुटलेलं असलं तर चाक रुततं आणि मग ट्रॅक्टरच बोलवावा लागतो. डांबराची कड कुठं कुठं सहा इंच खाली आहे. कोरडी बाजू बघून वेग मोडा आणि डावी चाकंच उतरवा.

देशपांडे काका (बी-101): इनामदार, आरटीओत होता की कारखान्यात?

कुलकर्णी (बी-204): अर्जुनवाड पुलावरूनच जावे.

संदीप माने (सी-103): वाचलं काका. तिसऱ्यांदा वाचलं.

कुलकर्णी (बी-204): वाचून उपयोग नाही, लिफ्टचं पण वाचलं होतं सगळ्यांनी.

शुभांगी पाटील (ए-302): लिफ्टचा विषय इथं नको.

रोहिणी जोशी (ए-104): वाडीला पादुकांना पाणी लागलंय का हो? दक्षिणद्वार घडलं तर स्नान करायचंय.

इनामदार (सी-301): काकू, जानेवारी आहे. दक्षिणद्वार पावसाळ्यात, कृष्णेचं पाणी देवळात शिरून पादुकांवरून दक्षिण दारानं बाहेर पडतं तेव्हा. आत्ता घाटाच्या पायऱ्या उघड्या आहेत, शेवाळ मात्र आहे, खालच्या पायऱ्यांवर जपून.

देशपांडे काका (बी-101): मुख्य मुद्दा राहिला. वाडीची बासुंदी, कवठाची बर्फी आणि येताना नदीकाठची वांगी. प्रत्येकी दोन किलो. माझं नाव लिहा.

संदीप माने (सी-103): मागच्या वेळी वांग्यांचे पैसे कोण देणार होतं, ते अजून ठरलेलं नाही.

देशपांडे काका (बी-101): (हा मेसेज डिलीट केला आहे)

निखिल (सी-202): खिद्रापूरला किती वेळ ठेवायचा? फोटोसाठी दुपारी बाराला पोचलो तर मंडपाच्या उघड्या छताच्या गोलातून ऊन खालच्या गोल रंगशिळेवर पडतं म्हणतात.

मंजिरी गोखले (बी-303): दीड तास तरी. त्या उघड्या छताच्या मंडपाला, स्वर्गमंडपाला, 48 खांब आहेत, सगळे सारखे नाहीत, कडेच्या अष्टदिक्पालांना वाहनांसकट बघा. बाहेरचं गजपीठ (देवळाच्या पायाशी कोरलेली हत्तींची रांग) चुकवू नका, लोक थेट आत जातात. दक्षिण दाराशी सिंघण यादवाचा शके 1136 चा शिलालेख आहे. कोपेश्वराच्या देवळात समोर नंदी नाही, त्यावर पोरं प्रश्न विचारणार. नंदी कर्नाटकात यडूरला आहे असं सांगतात. आणि निखिल, जानेवारीत सूर्य दक्षिणेला कललेला असतो, उन्हाचा गोल शिळेच्या उत्तरेला सरकलेला मिळेल. बरोबर मधोमध हवा असेल तर 6 मेच्या आसपास जा, तेव्हा सूर्य डोक्यावर येतो. ट्रायपॉड परवानगीशिवाय लावू देत नाहीत.

निखिल (सी-202): 🙏 मॅप राजापूर बंधाऱ्यावरून पलीकडं काढतोय, तो जवळचा वाटतो.

इनामदार (सी-301): बंधाऱ्यावर गाडी घालू नका. अरुंद आहे, बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेत म्हणजे वरच्या अंगाला तुडुंब पाणी, समोरून कुणी आलं तर रिव्हर्स घ्यायला लागतं. मॅपला ते कळत नाही.

मंजिरी गोखले (बी-303): अजून एक. सावली बघून उसाच्या बांधाला गाडी लावताना खाली वाळलं पाचट (उसाचा पाला) नाही ना बघा. तापलेल्या सायलेन्सरनं पेटतं. गाडीखाली अडकलेलं पाचट पण काढून टाका.

कुलकर्णी (बी-204): मग अर्जुनवाडच ना?

इनामदार (सी-301): जाताना अर्जुनवाड, साडेआठला. येताना अंकली, कारण त्या वेळी शिरोळच्या कारखान्याकडं भरलेल्या ट्रॉल्यांची रांग लागते आणि अर्जुनवाडच्या रस्त्याला वळायला जागा नाही.

कुलकर्णी (बी-204): अर्धं तरी ऐकलं.

शुभांगी पाटील (ए-302): गाड्या चार, माणसं एकोणीस. ज्यांनी डिझेलचे पैसे दिले नाहीत त्यांनी रात्रीपर्यंत द्यावेत. नावं टाकत नाही.

देशपांडे काका (बी-101): वांगी दीड किलो चालतील.