संकल्पात गोत्र ठाऊक नसेल तर? आणि त्यातला 'मी' नक्की कोण?

कसबा_बावडा:
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात वास्तुशांत आहे. गुरुजींनी नाव, गोत्र, कुलदैवत लिहून पाठवायला सांगितलंय. आडनाव पाटील, कुलदैवत जोतिबा. गोत्र मात्र भाऊबंदकीत एकालाही सांगता येईना. चुलते म्हणतात, "काश्यप सांग, चालतंय." खरंच चालतं का, की ही नुसती वेळ मारून नेणं झालं? खरं गोत्र शोधायचं तर कोल्हापुरात कुठून सुरुवात करावी? आणखी एक शंका आहे, जाणकारांनी हसू नये. आत्म्याला नाव नाही, कूळ नाही असं एकीकडे ऐकतो आणि पूजेला बसलं की पहिलं वाक्य 'अमुक गोत्रात जन्मलेला अमुक नावाचा मी'. याचा मेळ कसा लावायचा?

पळी_पंचपात्री:
काश्यप चालतं, आणि ती पळवाट नाही. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणावं ही सोय धर्मशास्त्रानंच करून ठेवलीय. सगळी प्रजा कश्यपाची, असा शतपथ ब्राह्मणातला आधार त्याला देतात. गडबड होते ती नंतर. पूजेपुरतं घेतलेलं काश्यप मुलाच्या लग्नाच्या बायोडेटात जातं. पलीकडच्यांनीही तसंच केलेलं असतं, मग 'सगोत्र निघालं' म्हणून चांगलं स्थळ मोडतं. दोन्ही घरांना आपलं गोत्र ठाऊक नाही, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा घरच्या वहीत लिहायचं तर 'गोत्र अज्ञात, संकल्पात काश्यप' असं लिहा.

संकल्पाची रचना एकदा बघून घ्या, म्हणजे गोत्र त्यात कुठं बसतं ते कळेल. आधी आचमन, प्राणायाम, देवतावंदन. मग काळ: श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, कलियुगाचा प्रथम चरण. मग देश: भरतवर्ष, भरतखंड, दक्षिणापथ, दंडकारण्य, नदीचा काठ. पुढं शालिवाहन शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. एवढं झाल्यावर कर्त्याचं गोत्र आणि नाव, त्यानंतर हेतू, आणि शेवटी 'करिष्ये'. (मध्ये 'बौद्धावतारे' हा शब्दही येतो. रोज म्हणणाऱ्यांपैकी किती जणांच्या तो ध्यानात येतो कोण जाणे.)

संवत्सराचं नाव चुकतं ते गुढीपाडव्यानंतरच्या पहिल्या काही पूजांत, जुनं तोंडात बसलेलं असतं म्हणून. शकात 12 मिळवा, 60 ने भागा, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. शक 1947 चे 1959 होतात, बाकी 39, म्हणजे विश्वावसू. नदीचं म्हणाल तर पोथीत 'गोदावर्याः दक्षिणे तीरे' छापलेलं असतं आणि ते आपल्यालाही लागू पडतं. पंचगंगेचं नाव घ्यायचं असेल तर शहर आणि बावडा दक्षिण काठाला आहेत, वडणगे आणि शिये पलीकडं. तिकडच्यांनी 'दक्षिणे' म्हणू नये.

उजव्या तळहातावर अक्षता घ्यायच्या आणि पळीनं पाणी ताम्हणात सोडायचं ते 'करिष्ये' म्हटल्यावर. पुष्कळ जण नावापाशीच सोडून मोकळे होतात.

मोडीवाला:
शोधण्याबद्दल सांगतो. आधी आडनाव बाजूला ठेवा. पाटील, देसाई, कुलकर्णी ही वतनाची नावं आहेत, त्यांवरून कूळ कळत नाही. एकाच तालुक्यातल्या दोन गावांचे पाटील वेगळ्या कुळीचे असू शकतात. नेटवर फिरणाऱ्या 'आडनाव आणि गोत्र' याद्यांत पाटलांपुढं काही लिहिलेलं असेल तर ते सोडून द्या. शहाण्णव कुळींच्या छापील याद्याही एकमेकींशी जुळत नाहीत.

पहिला धागा म्हणजे देवक, लग्नात पुजायचं कुळाचं चिन्ह. मराठा घरात लग्न जुळवताना खरी अडवणूक देवकाची होते, गोत्राची नाही. कळंब, पंचपल्लव, वासुंदीचा वेल, साळुंकीचं पीस असं काही तरी असणार. म्हाताऱ्या माणसांना "आपलं गोत्र काय?" असं विचारलंत तर "ठाव न्हाई" म्हणतील. "लग्नात देवकाला कशाचा डहाळा आणत होता?" असं विचारा, लगेच सांगतील. गावच्या गुरवालाही विचारा, पत्री तोच पुरवतो.

दुसरा धागा हेळवी. आपल्याकडं आणि बेळगाव भागात ते सुगीनंतर गावोगाव फिरतात, ठरलेल्या घरांची वंशावळ वाचून दाखवतात, धान्य घेतात आणि नवीन जन्म लिहून घेतात. चोपड्या कन्नड किंवा मोडीत असतात. त्यांच्याकडून मूळ गाव, कुळी, देवक आणि कुलस्वामी या चार गोष्टी काढून घ्या. नावं बहुतेक पुरुषांचीच सापडतात, आज्या-पणज्या त्यात शोधू नका. वाचताना मोबाईलवर रेकॉर्ड करायची परवानगी मागा, कारण ते इतकं भरभर म्हणतात की लिहून होत नाही.

तिसरा धागा नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. तिथं आडनाव आणि मूळ गाव सांगावं लागतं, सध्या राहता ते गाव नाही. शहरात येऊन दोन पिढ्या झालेल्यांची शोधाशोध इथंच अडते.

कागदांत म्हणाल तर गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी तहसीलला मागा. जुनी दप्तरं कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आहेत. मोडीत 'राणोजी बिन सुभानजी' असं दिसलं तर सुभानजी बाप. या कागदांत गोत्र क्वचितच मिळेल. पण 'मूळ आडनाव अमुक, पाटीलकी अमुक गावची' एवढं हाती आलं तरी पुढं हेळव्याकडं जाता येतं.

कोऽहम्:
तिसरी शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. संकल्पातला 'अहं' म्हणजे कर्ता. कर्म ज्यानं केलं त्यालाच फळ, हा मीमांसेचा, म्हणजे वेदातल्या कर्मांचा विचार करणाऱ्या शास्त्राचा, हिशोब आहे. म्हणून काळ, ठिकाण, कूळ, नाव सांगून कर्ता पक्का करायचा. सातबाऱ्यावर खातेदाराचं नाव लागतं तसंच हे. नाव लागलं म्हणजे खातेदार कोण हे ठरलं, तो माणूस काय आहे हे ठरलं नाही.

वेदांत तोच 'अहं' उचलतो आणि सोलायला घेतो. तैत्तिरीय उपनिषदात पाच कोश आहेत: अन्नमय, प्राणमय, मनोमय, विज्ञानमय, आनंदमय. गोत्र चिकटतं ते पहिल्याच कोशाला, आईबापांकडून आलेल्या देहाला. छांदोग्य उपनिषदात सत्यकाम आईला गोत्र विचारतो. ती सांगते, मला ठाऊक नाही, मी जबाला आणि तू सत्यकाम, तेव्हा सत्यकाम जाबाल म्हण. तो हारिद्रुमत गौतमांपुढं जाऊन जसंच्या तसं सांगतो आणि ते त्याचं उपनयन करतात. तुमच्या काश्यपापेक्षा हा दाखला मला जास्त सरळ वाटतो.

मेळ बघायचा असेल तर वास्तुशांतीच्या होमाकडं नीट लक्ष द्या. सुरुवात 'अहं करिष्ये'नं झालेली असते, पण प्रत्येक आहुतीला यजमानानं त्याग म्हणायचा असतो: 'अग्नये स्वाहा, अग्नये इदं न मम'. मघाशी पक्का केलेला कर्ता दर आहुतीला आपला हक्क सोडतो. हा त्याग यजमानाच्या तोंडचा आहे. घाईत गुरुजीच सगळं म्हणून टाकतात आणि यजमान तूप ओतत बसतो. आधीच सांगून ठेवा, "न मम मी म्हणतो."

संन्यासात हे शेवटाला नेलेलं दिसतं. दीक्षेआधी माणूस स्वतःचं श्राद्ध करतो, शेंडी आणि जानवं टाकतो, जुनं नाव मागं राहतं. पण ते सगळं टाकायला आधी खातं नावावर असावं लागतं. गृहस्थानं 'मला कूळ नाही' म्हणत मिरवणं हा उगाच आव आहे.

टाउनहॉल:
सगळं बरोबर आहे, पण कोल्हापुरात बसून हे बोलताना एक गोष्ट गाळू नका. कोणाचं गोत्र कोणी मानायचं, हा इथं निव्वळ अध्यात्माचा प्रश्न कधीच नव्हता. 1899 साली पंचगंगेवर कार्तिकस्नानाच्या वेळी शाहू महाराजांसाठी वेदोक्त (वेदातले, क्षत्रियांना चालणारे) नव्हे तर पुराणोक्त (पुराणातले, शूद्रांसाठी मानलेले) मंत्र म्हटले जात होते. तिथून वेदोक्त प्रकरण पेटलं. 1920 मध्ये महाराजांनी क्षात्रजगद्गुरूंचं, म्हणजे मराठ्यांच्या स्वतंत्र धर्मगुरूंचं, पीठच निर्माण केलं. नावापुढं वर्णाप्रमाणे शर्मा (ब्राह्मण) लावायचं, वर्मा (क्षत्रिय), गुप्त (वैश्य) की दास (शूद्र), हाही त्याच भांडणाचा भाग. गुरुजींना आधी विचारा, प्रयोग वेदोक्त करणार की पुराणोक्त, आणि नावापुढं काय लावणार. काही न लावता 'नामधेयः अहम्' एवढं म्हणूनही भागतं.

आणि गोत्र नको असेल तर तीही वाट इथं जुनी आहे. सत्यशोधक समाज 1873 चा, कोल्हापुरात 1911 पासून. त्यांच्या लग्नात भटजी नाही, कन्यादान नाही, वधूवर एकमेकांना मराठीत शपथ देतात. कायद्याचं विचाराल तर 1955 चा हिंदू विवाह कायदा गोत्र बघतच नाही. तो बघतो सपिंड नातं: वडिलांकडून पाच पिढ्या, आईकडून तीन. रूढी असेल तर त्यातही सूट.

कसबा_बावडा:
भरपूर मिळालं, आभारी आहे. देवकाचं आत्याला विचारलं, कळंब निघालं. एकच राहिलं. पूजेला बायकोही बसणार, तिचं गोत्र माहेरचं सांगायचं की आमचं? आणि मुलीला स्वतः संकल्प करायचा असेल तर?

पळी_पंचपात्री:
लग्नानंतर पत्नीचं गोत्र पतीचं धरतात. वेगळा उच्चार नसतो, 'सपत्नीक' म्हणतात आणि ती यजमानाच्या उजव्या हाताला हात लावते. कन्यादानात मात्र दोन्ही घरांच्या तीन-तीन पिढ्या गोत्रासह म्हटल्या जातात, प्रपौत्री, पौत्री, पुत्री अशा क्रमानं. मुलीचं माहेरचं गोत्र लागतं ते तिथं. मुलगी स्वतः करत असेल तर तुमचंच गोत्र, फक्त 'उत्पन्नः'चं 'उत्पन्ना' आणि 'नामधेयः'चं 'नामधेया'. यादी पाठवताना गुरुजींना हे आधी कळवा, ऐन वेळी जिभेवर पुल्लिंगच येतं.

मोडीवाला:
कळंब निघालं ना, मग काम निम्मं झालं. आता मूळ गावच्या गुरवाला तुमच्या भावकीतल्या दुसऱ्या घराचं देवक विचारा. तिथंही कळंबच निघालं तर देवक पक्कं समजा. वेगळं निघालं तर कुणी तरी दत्तक गेलंय किंवा घरजावई आलाय का ते बघा. असे घोळ बहुतेक तिथंच सुटतात.