अ‍ॅन्झॅक बिस्किटे: गोल्डन सिरपचे टेबलस्पून ग्रॅममध्ये कसे धरावेत?

नमस्कार. मेलबर्नमधील आमच्या मंडळाच्या कार्यक्रमासाठी अ‍ॅन्झॅक बिस्किटे करायची आहेत. ओट्स, सुके खोबरे, मैदा, साखर, लोणी, गोल्डन सिरप (साखरेचा दाट सोनेरी पाक) आणि खाण्याचा सोडा एवढ्यावर, अंड्याशिवाय ती होतात, म्हणून शाकाहारी लोकांनाही चालतात. कृतीच्या चौपट मिश्रण एकदम कालवायचे असल्यामुळे सगळे प्रमाण ग्रॅममध्ये लिहून काढत आहे. कोरडे जिन्नस आणि १२५ ग्रॅम लोणी यांत प्रश्न नाही; अडले आहे ते ‘२ टेबलस्पून गोल्डन सिरप, २ टेबलस्पून उकळते पाणी’ या एका ओळीवर.

ऑस्ट्रेलियाचा टेबलस्पून २० मिलीचा, न्यूझीलंडचा १५ मिलीचा, आणि मी पुण्याहून आणलेल्या चमच्यांच्या संचातलाही १५ मिलीचाच. या बिस्किटांवर दोन्ही देश हक्क सांगतात, आणि माझ्याकडची कृती हाताने उतरवलेली असून ती कोणत्या देशातली आहे याचा त्यावर काहीच उल्लेख नाही. शिवाय सिरप पाण्यापेक्षा जड असल्याने मिली तेवढे ग्रॅम असे धरता येत नाही. माझ्या काट्यावर मिलीचे बटण आहे, पण ते पाणी आणि दूध यांच्यापुरतेच.

सिरपचे वजन दर मिलीला सुमारे १.४ ग्रॅम धरले, तर दोन चमच्यांचे ५६ ग्रॅम होतात किंवा ४२. चौपट मिश्रणात हाच फरक २२४ आणि १६८ इतका वाढतो, आणि सिरप जास्त झाले की बिस्किटे ट्रेवर पसरून एकमेकांना चिकटतात. कोणता आकडा धरावा? थोडी बिस्किटे काकवी घालून करण्याचाही विचार आहे. तिथे वजन सारखे ठेवावे की चमचे?

प्रतिसाद:

पाणी आणि सिरप एकाच चमच्याने मोजलेले आहेत, त्यामुळे चमचा कोणताही असला तरी त्या दोघांचे आपसातले प्रमाण बदलत नाही. बदलते ते कोरड्या जिन्नसांच्या तुलनेत एकूण ओलाव्याचे. म्हणून १५ मिलीचा चमचा धरून, म्हणजे ४२ ग्रॅम सिरप आणि ३० ग्रॅम पाणी घेऊन, आधी एकपट मिश्रण करून पाहा. गोळा वळताना भुगा होत असेल तर चमचाभर गरम पाणी वाढवता येते. पडलेले सिरप मात्र काढता येत नाही. खाण्याच्या सोड्याची चिंता नको, कारण टीस्पून दोन्ही देशांत ५ मिलीचाच आहे. तो चमच्यानेच मोजावा, कारण एकेका ग्रॅमने पुढे सरकणाऱ्या घरगुती काट्यावर इतक्या कमी वजनाचा भरवसा नसतो.

काकवी प्रत्येक ठिकाणची वेगळी, कुठे दाट तर कुठे पातळ, त्यामुळे तिचा छापील आकडा उपयोगाचा नाही. ६० मिलीचे माप रिकामे काट्यावर ठेवून काटा शून्य करावा, आणि ते काठोकाठ भरून वजन पाहावे. आधी पाण्याने तपासा. ६० ग्रॅमच्या आसपास आले तर माप बरोबर. काकवी ८४ ग्रॅमच्या आसपास भरली तर ती सिरपइतकीच दाट आहे. तशी भरली तर सिरपच्याच वजनाने घालावी. वजन बरेच कमी आले तर तिच्यात पाणी जास्त आहे असे समजून उकळते पाणी थोडे कमी करावे. मी स्वतः चिकट पदार्थ चमच्याने कधीच मोजत नाही, कारण थोडा भाग चमच्यालाच राहतो आणि किती राहिला ते कळत नाही. लोण्याचे पातेलेच काट्यावर ठेवून शून्य करावे आणि बाटलीतून सिरप थेट त्यात ओतावे. इतर पदार्थांसाठी, १५ मिली मध साधारण २१ ग्रॅम भरतो, तर तेवढेच तेल १४ ग्रॅमच्या थोडे आत.