मुंबई बंदराच्या जुन्या नकाशासाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात सर्व्हे ऑफ इंडियाचा एक इंची नकाशा मिळाला, शीट ४७ बी/१३. मुंबईचा दक्षिण भाग, बंदर, घारापुरी, उरण. प्रमाण १:६३,३६०, म्हणजे एक इंचाला एक मैल.

माझे आजोबा माझगावच्या गोदीत फिटर होते. १८८० साली सुरू झालेली प्रिन्सेस डॉक, तिच्या शेजारची व्हिक्टोरिया, १९१४ची अलेक्झांड्रा, मागे रेल्वेचे फाटे आणि भायखळ्याच्या गिरण्या, सगळं बारीक रेघांत आहे. त्यांची रोजची वाट मी बोटाने काढून पाहिली. आईलाही दाखवली, ती बराच वेळ काही बोललीच नाही.

अडचण अशी की नकाशा कापडावर चिकटवलेला आहे, घड्यांवर फाटलाय आणि कुणीतरी मागून सेलोटेप लावलीय. तिचा डिंक पिवळा पडून कागदात उतरलाय. पुण्यात कागद-जतनाचं काम करणारं, विश्वासाचं कुणी माहीत आहे का? लॅमिनेशन करायचं नाही, एवढं नक्की.

दुसरं, सपाट स्कॅन कुठे होईल? रोलरच्या मशीनमध्ये घालायची हिंमत होत नाही. स्कॅन झाल्यावर क्यूजीआयएसमध्ये (नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर) आजच्या नकाशावर बसवायचा आहे. पृथ्वीचा आकार मोजायची पद्धत दोन्हींत वेगळी आहे: जुनी शीट एव्हरेस्ट गोलाभावर, आजचे नकाशे डब्ल्यूजीएस ८४ वर (जीपीएस वापरतं तीच पद्धत), त्यामुळे जागा सरकतात. कुणी हे केलं असेल तर खुणेचे बिंदू, म्हणजे दोन्ही नकाशांत सापडणाऱ्या न बदललेल्या जागा, कोणते धरले, तेवढं सांगा. किनारा भराव घालून बदललाय, म्हणून मी दीपगृहं आणि जुनी स्टेशनं धरायचा विचार करतोय.