कोटिंगच्या आधी गाडीखाली वाकून बघा

भाऊ, नवी इलेक्ट्रिक गाडी घेताना शोरूमवाले गळ्यात मारतात ते अंडरबॉडी कोटिंग, म्हणजे तळाला गंजू नये म्हणून मारायचा थर, करावं का, असं तुम्ही विचारलंत. सरसकट फवारा तर मुळीच नको. बॅटरीच्या पेटीवर, तिच्या व्हॉल्व्हवर, हाय-व्होल्टेजच्या नारिंगी केबलच्या जोडांवर तो काळा रबरी थर बसला की वॉरंटीचा वाद ठरलेला. माझ्या गाडीच्या दाराखालची पाणी निथळायची दोन भोकं एका डिटेलिंगवाल्याने अशीच बुजवली होती. कोरून काढली तर आतून गढूळ पाण्याची धारच लागली!

आपल्या नागपुरात कोकणासारखी खारी हवा नाही, त्रास चिखलाचा. तो कोपऱ्यात साचतो, ओल धरतो. पावसाळा संपला की साध्या पाइपने खालून धुवा. प्रेशर गन जोडांच्या जवळ नेऊ नका. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडला तशा पाण्यात गाडी बुडाली, तर मात्र चालू न करता टो करूनच सर्व्हिसला न्या.

आणि ब्रेक डिस्क! रीजनमुळे, म्हणजे पाय उचलला की मोटरच गाडी हळू करून बॅटरीत वीज भरते त्यामुळे, ब्रेक फारसे लागतच नाहीत, मग डिस्कवर तांबूस गंज चढतो. मी रविवारी सकाळी वर्धा रोडला रीजन कमी करतो, मागे कोणी नाही बघून चार-पाचदा दाबून ब्रेक मारतो. खरखर जाते.