हायबरनेटनंतर ग्रब (संगणक चालू होताना लिनक्स चढवणारा प्रोग्राम) नव्यानेच बूट करतो, जुनं सत्र परत येत नाही

म्हापशेकर: डेबियन लिनक्स, ८ जीबी रॅम, एक्स्ट-४ फाइलसिस्टिमवर ८ जीबी स्वॅप फाइल (रॅममधली माहिती डिस्कवर ठेवायची जागा). पावसात वीज सारखी जाते म्हणून हायबरनेट (चालू काम डिस्कवर साठवून संगणक पूर्ण बंद करणं) हवं. बंद नीट होतो, पण चालू केल्यावर कोरा डेस्कटॉप. ग्रबला इमेज (स्वॅपमध्ये साठवलेली रॅमची प्रत) कुठे आहे ते कसं सांगायचं?

फोंड्याचा पेंग्विन: ग्रबला इमेजचा पत्ताच नसतो. तो नेहमीसारखा ताजा कर्नल (ओएसचा गाभा) आणि इनिट-रॅम-एफएस (सुरुवातीपुरती छोटी फाइलसिस्टिम) चढवतो. तो कर्नल स्वॅपच्या हेडरमधली खूण पाहतो, साठवलेली पानं (मेमरीचे तुकडे) रॅममध्ये आणतो आणि जुन्या कर्नलकडे उडी मारतो. स्वॅप फाइल असेल तर कर्नलला दोन पॅरामीटर द्यावे लागतात: 'रिझ्यूम' म्हणजे फाइल ज्या विभाजनावर आहे त्याचा यूयूआयडी (ओळख क्रमांक), आणि 'रिझ्यूम-ऑफसेट' म्हणजे 'फाइलफ्रॅग -व्ही' या आदेशाने येणाऱ्या तक्त्याच्या पहिल्या ओळीतला फिजिकल ऑफसेटचा (फाइलच्या डिस्कवरच्या जागेचा) पहिला आकडा. तुमचा दुसरा पॅरामीटरच द्यायचा राहिला असणार. मग 'अपडेट-ग्रब' आणि 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू' हे आदेश चालवा.

काणकोणकार: फाइल पुन्हा बनवलीत की ऑफसेट बदलतो, हे हमखास विसरतात. बीटीआरएफएसवर (ही दुसरी एक फाइलसिस्टिम) फाइलफ्रॅगचा आकडा चालत नाही. आणि हायबरनेट असताना दुसऱ्या ओएसमधून तेच विभाजन लिहिण्यासाठी माउंट करू (जोडू) नका बाबांनो! जुन्या कर्नलच्या कॅशमध्ये जुनीच माहिती असते, फाइलसिस्टिम बिघडते.

म्हापशेकर: ऑफसेटच नव्हता. आता उघडलेल्या फायलींसकट परत येतं. देव बरें करूं!