फँटसी सिनेमांचे शेवट: पुस्तकापासून गाडी नेमकी कुठे घसरते?

बर्डीचा_वाचक
नागपुरात आमच्या वाचनगटाची दोन तासांची बैठक आहे. विषय: पुस्तकांवरून केलेले फँटसी सिनेमे आणि त्यांचे फसलेले शेवट. सिनेमातले दोन-तीनच प्रसंग दाखवता येतील. कोणते घ्यावेत? आणि ‘पुस्तकात असं नव्हतं’ एवढ्यावरच चर्चा अडकू नये यासाठी काय करावं? शेवट बिनधास्त सांगा, सगळ्यांनी वाचलेलं आहे.

संत्रानगरी
भाऊ, पहिला प्रसंग हॅरी पॉटरच्या ‘डेथली हॅलोज भाग २’मधलं (२०११), हॅरी आणि खलनायक वोल्डेमॉर्टचं शेवटचं द्वंद्व घ्या. पुस्तकात ते शाळेच्या ग्रेट हॉलमध्ये सगळ्यांसमोर होतं. मंत्र सुटण्याआधी हॅरी हिशोब मोठ्याने मांडतो: वर्गातल्या ड्रेकोने मुख्याध्यापक डम्बलडोरला निःशस्त्र केलं, म्हणून एल्डर वाँड, म्हणजे सगळ्यात ताकदवान छडी, ड्रेकोची झाली, पुढे हॅरीने ड्रेकोच्या हातातली छडी हिसकावली, म्हणून ती आता हॅरीची. निकाल काय लागणार हे वाचकाला आधीच कळलेलं असतं आणि वोल्डेमॉर्टला पटत नसतं. सगळा ताण तिथे आहे.

सिनेमात दोघं अंगणात एकटे लढतात आणि हा हिशोब लढाई संपल्यावर पुलावर हॅरीच्या मित्रांना, रॉन-हर्मायनीला, सांगितला जातो. त्यामुळे द्वंद्व ‘कोणाचा जोर जास्त’ एवढंच उरतं. शिवाय वोल्डेमॉर्टची राख होऊन उडते. जो माणूस आयुष्यभर मरण टाळत होता, तो पुस्तकात साध्या माणसासारखा जमिनीवर कोसळतो आणि त्याचं प्रेत सगळे बघतात. ते प्रेत दिसणं हाच शेवट होता, तोच गेला.

आणि ती छडी! पुस्तकात हॅरी आधी तिने स्वतःची मोडलेली छडी सांधतो, मग ती परत डम्बलडोरच्या थडग्यात ठेवायचं ठरवतो. सिनेमात तो ती मोडून फेकतो. जुनी छडी मोडकीच राहते.

अंबाझरी_काठ
मी ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा शेवटचा भाग ‘रिटर्न ऑफ द किंग’ (२००३) सुचवेन, पण सगळे बोलतात तो बदल नको. शायरमधली, म्हणजे बुटक्या हॉबिटांच्या मायभूमीतली, शेवटची लढाई गाळली ही तक्रार जुनी आहे, आणि मला तो निर्णय बराचसा पटतो. सगळ्या संकटाचं मूळ असलेली मुद्रिका नष्ट होते ते पुस्तकाच्या सहाव्या खंडाच्या तिसऱ्या प्रकरणात. खंडाची प्रकरणं नऊ. शायरची लढाई आठव्यात येते. वाचताना हे चालतं, पण तीन तास बसलेल्या प्रेक्षकापुढे मुख्य संकट टळल्यावर दुसरं युद्ध उभं करणं कठीण. त्याऐवजी चार हॉबिट खानावळीत गप्प बसलेले दाखवलेत, आजूबाजूला कोणालाच काही माहीत नाही. हे मला खरंच उत्तम वाटतं. खटकतं ते वेगळंच: पहिल्या भागात गॅलाड्रिएल या एल्फ राणीच्या भविष्य दाखवणाऱ्या आरशात शायर जळताना दाखवलंय. ते बी पेरून तसंच सोडून दिलं.

खरी चूक डूमच्या डोंगरावर आहे, जिथे मुद्रिका नष्ट होते. पुस्तकात मुद्रिकेच्या मोहाने पछाडलेला गॉलम ती मिळाल्याच्या आनंदात नाचतो, पाय चुकतो आणि एकटाच पडतो. बिल्बो, फ्रोडो आणि शेवटी सॅम या हॉबिटांनी त्याला जिवंत सोडलं होतं, म्हणून तो तिथे होता. दयेचं फळ! सिनेमात फ्रोडो उठून त्याच्याशी झटापट करतो, दोघंही कड्यावरून जातात आणि सॅम फ्रोडोला वर ओढतो. म्हणजे मुद्रिका मारामारीत पडली. पहिल्या सिनेमात मोरियाच्या खाणीत जादूगार गँडाल्फ गॉलमला दाखवलेल्या दयेबद्दल जे बोलतो त्याची गाठ इथे सुटायला हवी होती.

बैठकीत मोरियातला तो संवाद आणि हा प्रसंग लागोपाठ लावा. मुद्दा आपोआप दिसेल.

रामदासपेठ_पुस्तकी
तिसरा नमुना ‘गोल्डन कंपास’ (२००७). मूळ पुस्तक १९९५चं, प्रकरणं २३. शेवटच्या तीन प्रकरणांत नायिका लायरा आपला मित्र रॉजरला घेऊन वडिलांकडे पोचते आणि वडील त्याचाच बळी देतात. हा भाग चित्रित झाला होता, तरी काढून टाकला. सिनेमा दोघं आशेने निघालेत तिथेच थांबतो. पुढच्या भागात दाखवू असा बेत होता, पण पुढचा भाग निघालाच नाही. लायरा मित्राला वाचवायला निघाली आणि तिनेच त्याला मरणाच्या दारात नेलं, हा सगळा पीळ गेला. २०१९च्या मालिकेचा पहिला हंगाम मात्र रॉजरच्या मृत्यूपर्यंत जातो. दोन्ही शेवट शेजारी ठेवता येतील.

चर्चेसाठी एक युक्ती: प्रत्येक बदलाला विचारा की मूळ शेवट आधीच्या कोणत्या गोष्टीची परतफेड करत होता, आणि ती आधीची गोष्ट सिनेमात आहे का? आधीची गोष्ट ठेवून परतफेड काढली तर शेवट पोकळ वाटतो. दोन्ही काढल्या तर फारसं बिघडत नाही. ‘रिंग्ज’मधल्या फॅरामिरच्या स्वभावातला बदल, वयं वाढवणं, पात्रं गाळणं, यात वेळ घालवू नका.

अंबाझरी_काठ
एक सूचना, ताई-दादांनो. ‘रिटर्न ऑफ द किंग’ची कोणती आवृत्ती आहे ते आधी तपासा. दुष्ट जादूगार सारुमानचा मृत्यू फक्त लांब आवृत्तीत आहे, तोही त्याच्या ऑर्थँक बुरुजावर. थिएटरमधल्या आवृत्तीत तो दिसतच नाही. अर्ध्या लोकांनी एक आणि उरलेल्यांनी दुसरी पाहिली असेल तर पहिला अर्धा तास त्यातच जाईल.

बर्डीचा_वाचक
ठरलं. द्वंद्व आणि डूमचा डोंगर दाखवतो, रॉजरचं प्रकरण वाचून घेतो.