गावच्या जुन्या वाचनालयाची इमारत: तुमचे अनुभव लिहा

मुंबईत राहत असलो तरी आपल्यातल्या बहुतेकांचं एक गाव असतं आणि तालुक्याला नाहीतर जिल्ह्याला एक जुनं सार्वजनिक वाचनालय असतंच. रत्नागिरीचं १८२८ चं, नाशिकचं १८४०, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५०, इथे जवळ कल्याणचं १८६४. संस्थेचा इतिहास स्मरणिकेत छापून येतो, पण इमारतीबद्दल कोणी लिहीत नाही, आणि आता जिकडेतिकडे पाडून कॉम्प्लेक्स बांधायच्या गोष्टी चालू आहेत म्हणून विचारतेय. पुस्तकांबद्दल पुष्कळ लिहून झालं, इमारतीबद्दल लिहा. जिना, खिडक्या, छप्पर, बसायची जागा, आता काय अवस्था आहे. मुंबईतल्या लायब्ररीचं लिहिलंत तरी चालेल. नावाऐवजी आत्ता राहता ते ठिकाण वर लिहा.

गिरगाव:
आमचं तळकोकणातलं तालुक्याचं गाव. वाचनालय भर बाजारात, जांभ्या दगडाच्या हातभर जाड भिंती, वर मंगलोरी कौलं आणि माडीवर जायला सागवानी जिना, कठडा हात लागून लागून गुळगुळीत झालेला. मे महिन्यात मुंबईहून गेलो की दुपारी आजोबा तिकडे पिटाळायचे. पंखा एकच, तरी उकडायचं नाही कारण छप्पर उंच, खिडक्या समोरासमोर, आणि कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जायची. पेपर वाचायला तिरकं लांब टेबल होतं, म्हातारी माणसं उभ्यानेच वाचायची. मग मधे कधीतरी कमिटीने भिंतींना बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला, हेतू चांगलाच होता, पावसाची ओल येते म्हणून. पण जांभा पाणी पितो, चुन्याचा गिलावा असला की ते पाणी नंतर सुकून बाहेर पडतं, सिमेंटने ते आतच कोंडलं. थोड्याच पावसाळ्यांत आतून पोपडे सुटले, मग कपाटांमागे बुरशी, मग वाळवी. आणि आता सांगतात की इमारत जुनी झालीय, धोकादायक आहे, पाडूया. अहो, ती जुनी झाली म्हणून खराब नाही झाली! सिमेंट खरवडून परत चुना केला तर भिंती सुकतील, अजून ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभ्या आहेत, थोडे वासे तेवढे बदलावे लागतील. गावी गेलो की मी हे प्रत्येकाला सांगतो आणि सांगत राहणार आहे.

डोंबिवली:
माझं माहेर चिपळूण. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, तेही १८६४ चं. आमच्याकडे इमारतीचा विचार म्हणजे पाण्याचा विचार. वाशिष्ठीचा पूर २००५ ला आला आणि २२ जुलै २०२१ ला परत आला, दोन्ही वेळा वाचनालयात पाणी. पुस्तकं भिजली की फुगतात आणि रॅकमध्ये इतकी घट्ट बसतात की ओढून निघत नाहीत, हे मी स्वतः बघितलंय, चिखलाचा तो वास अजून जात नाही. पहिल्या पुरानंतर याच संस्थेने सावरून २०१३ ला ८६ वं साहित्य संमेलन घेतलं, याचा मला फार अभिमान आहे. सांगलीच्या नगर वाचनालयाचंही २०१९ ला असंच झालं. म्हणून नदीकाठच्या सगळ्यांना कळकळीने सांगते, दुर्मिळ ग्रंथ आणि पोथ्या तळमजल्यावर ठेवूच नका. आणि पुस्तकं भिजलीच तर उन्हात टाकू नका, पानं वाकडी होतात, पानांमध्ये टिपकागद घालून पंख्याखाली सुकवा.

विरार (नोकरी फोर्टमध्ये):
मी काळा घोड्याच्या डेव्हिड ससून लायब्ररीचं लिहितो. १८७० ची इमारत, पिवळसर मालाड स्टोनची, दारातून आत शिरलं की ससूनचा पुतळा, मागे बाग. गॅलरीतल्या लांब आरामखुर्च्यांवर बसून परीक्षेचा अभ्यास केलाय, खाली ट्रॅफिक चालू असतो पण काही वाटत नाही. मूळचं उतरतं छप्पर जाऊन मधल्या काळात तिथे सपाट स्लॅब आला होता, दुरुस्तीत तो काढून परत उतरतं छप्पर बसवलं आणि २०२३ ला लायब्ररी उघडली. ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा खूप वेळ मान वर करूनच उभा होतो. मुंबईत १९९५ पासून हेरिटेजचे नियम आहेत, इमारतींना ग्रेड आहे, म्हणून पाडायच्या आधी कोणाला तरी विचारावं लागतं. तालुक्याच्या गावात बहुतेक ठिकाणी अशी यादीच नाही, गिरगावच्या दादांचं दुखणं तेच आहे.

परळ:
फोर्टमधला टाउन हॉल, म्हणजे एशियाटिक सोसायटीची लायब्ररी, १८३३ ची इमारत. पायऱ्यांवर फोटो काढून लोक परत जातात, एकदा आत जाऊन जगन्नाथ शंकरशेटांचा संगमरवरी पुतळा तरी बघा.

ठाणे:
मी आर्किटेक्ट आहे, जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीचंच काम करतो, म्हणून जरा व्यवहाराचं लिहितो. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने वाचनालयांना अ ब क ड वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं, पण ते पगार, पुस्तकं आणि रोजच्या खर्चातच संपतं, छपराला काही उरत नाही. इमारतीसाठी कोलकात्याच्या राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठानकडे अर्ज करता येतो, हे बऱ्याच कमिट्यांना माहितीच नसतं. पण सगळ्यात आधी इमारतीची मोजमापं घेऊन ड्रॉइंग करून ठेवा, प्रत्येक खोलीचे, तुळयांचे, जिन्याचे फोटो काढा, कारण कागदावर काहीच नसलं की धोकादायक म्हणणाऱ्याला उत्तर देता येत नाही. गिरगावचे दादा, तुमची कमिटी हो म्हणत असेल तर गणपतीनंतर पाऊस उघडला की मी दोन विद्यार्थी घेऊन येतो, राहायची सोय तेवढी बघा. आणि तोपर्यंत कोणालाही आतून सिमेंट मारू देऊ नका.